बुद्ध्यांक ११५, मग दहावीला किती टक्के?

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. चाचणीत त्याचा बुद्ध्यांक ११५ आला. यावरून दहावीच्या गुणांचा अंदाज बांधता येईल का?

उत्तर : येईल, पण ढोबळच. बुद्ध्यांक आणि शालेय गुण यांचा सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबतीने बदलतात याचं माप; पूर्ण जुळल्या तर १) साधारण ०.५ धरतात. त्याचा वर्ग ०.२५, म्हणजे गुणांतल्या फरकाचा चौथा हिस्साच बुद्ध्यांकाने उलगडतो. गणित करून पाहा. बुद्ध्यांकाची सरासरी १००, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती पांगतात ते) १५, म्हणून ११५ म्हणजे एक विचलन वर. त्याला ०.५ने गुणा : अर्धं विचलन. समजा, परीक्षेची सरासरी ६५ आणि विचलन १२ आहे, तर अंदाज ६५ अधिक १२चे निम्मे, म्हणजे ७१. चूक मात्र दोन्ही बाजूंना सुमारे १० गुणांची, म्हणजे अशी दोनतृतीयांश मुलं ६१ ते ८१मध्ये कुठेही असतील. एवढ्यावरून कोचिंग क्लास ठरवू नये!

अहवालात आधी चाचणीची भाषा आणि मानकांचं (ज्या मुलांच्या गुणांशी तुलना करून बुद्ध्यांक काढतात, त्या आकड्यांचं) वर्ष बघा. मानकं जुनी असतील तर आकडा फुगतो. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजीतून शब्दसंग्रह विचारला, तर बुद्धी नव्हे, इंग्रजी मोजलं जातं. धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी बिने ही बुद्धिमापन चाचणी मराठी-कन्नडमध्ये आणली. एकूण आकड्यापेक्षा उपचाचण्या, म्हणजे चाचणीचे वेगवेगळे भाग, जास्त बोलक्या : कार्यरत स्मृती (काम करताना माहिती तात्पुरती डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता) बरीच खाली असेल तर तोंडी हिशेबात मूल पायऱ्या विसरतं.

पुढच्या वर्षाच्या अंदाजाला मागच्या दोन वर्षांचे गुणही सोबत घ्या. त्यांत अभ्यासाची सवयसुद्धा मोजली गेलेली असते.