महिन्याचा रेट बघून नेट घेऊ नका

प्रश्न : ताई, आम्ही घरात चौघं. मी आणि नवरा घरूनच काम करतो, मुलांचे क्लास ऑनलाइन, आतापर्यंत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कसंबसं भागवलं पण आता नाही जमत. फायबर, केबल, जुन्या लँडलाइनवरचं नेट आणि सिम टाकायचा ५जी राउटर, असे चार पर्याय मिळतायत. केबलवाल्याचा महिन्याचा रेट सगळ्यात कमी आहे, तोच घेऊन टाकू का? आणि सासूसासऱ्यांचं घर गावाबाहेर आहे, तिथे वायरच पोचत नाही, तिथे डिशवालं सॅटेलाइट नेट परवडेल का?

उत्तर : थांबा, लगेच हो म्हणू नका. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला रेट हा बऱ्याचदा पहिल्या काही महिन्यांपुरताच असतो. एक वही घ्या आणि प्रत्येक कनेक्शनचा २४ महिन्यांचा पूर्ण खर्च लिहून काढा. म्हणजे बसवायचा खर्च, राउटरचं भाडं, ऑफर संपल्यावरचा रेट, टॅक्स, आणि मधेच बंद केलं तर लागणारा दंड, सगळं.

उदाहरण देते, आकडे नुसते समजण्यापुरते आहेत. एकाचा रेट १०० पण फक्त ६ महिने, नंतर १६०, बसवायचे ३००, राउटरचं भाडं महिना १५. दुसऱ्याचा पहिल्यापासून सरळ १५०, बाकी काही नाही. दिसायला पहिला स्वस्त ना? आता करा बेरीज. पहिल्याचे ६०० अधिक २८८० अधिक ३०० अधिक ३६०, झाले ४१४०. दुसऱ्याचे फक्त ३६००. मी स्वतः एका कंपनीला तीन वर्षं राउटरचं भाडं भरत बसले होते, बिलात बारीक अक्षरात एक ओळ होती ती कधी वाचलीच नाही, आणि तेवढ्या पैशात चांगले दोन राउटर आले असते. म्हणून एवढं कळकळीने सांगतेय.

आता तुम्हाला स्पीड किती लागतो ते बघू, कारण इथेच लोक विनाकारण जास्त पैसे घालवतात. एका व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस (हे नेटच्या स्पीडचं माप) पुरतात, एचडी व्हिडिओला ५ च्या आसपास, त्याहूनही स्पष्ट चित्राच्या फोर-के व्हिडिओला १५ ते २५. तुमच्या घरी दोन मीटिंग, एक क्लास आणि एक फोर-के सगळं एकदम चालू असलं तरी ४० च्या आत बसतं, म्हणजे १०० एमबीपीएसचा प्लॅन भरपूर झाला, हजार एमबीपीएसचा घ्यायची काही गरज नाही. आणि हो, १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी नव्हे हं, ते मेगाबिट असतात, ८ ने भागायचं, म्हणजे साडेबारा एमबी.

लँडलाइनवरचं नेट तांब्याच्या तारेवरून येतं, टेलिफोन एक्सचेंजपासून घर जितकं लांब तितका स्पीड पडतो, त्यातल्या एडीएसएल२+ नावाच्या जुन्या पद्धतीचा वरचा आकडाच २४ एमबीपीएस आहे. स्वस्त असलं तरी तुम्हाला पुरायचं नाही, ते सोडा.

केबलचा डाउनलोड चांगला असतो पण एकच लाइन आजूबाजूच्या बऱ्याच घरांत वाटलेली असते, संध्याकाळी सगळे नेटवर बसले की ओढाताण होते. शिवाय अपलोड सहसा डाउनलोडच्या मानाने फारच कमी देतात, आणि मीटिंगमधे तुमचा चेहरा आणि आवाज समोर जातो तो अपलोडवरूनच. त्यामुळे केबलवाल्याला अपलोडचा आकडा विचाराच. फायबरपण वाटलेलं असतं, जीपीओएन नावाच्या पद्धतीत साधारण २.५ जीबीपीएसची, म्हणजे २५०० एमबीपीएसची लाइन ३२ किंवा ६४ घरांत वाटतात, पण मुळात जागाच एवढी की सहसा जाणवत नाही. आणि अपलोड बऱ्याच ठिकाणी डाउनलोडएवढाच मिळतो. बसवायला थोडं जास्त लागलं तरी माझं मत फायबरलाच.

५जी राउटरला वायर नाही, खोदकाम नाही, घर बदललं तर उचलून न्यायचा, भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना बरा पडतो. पण डेटाची लिमिट बघा. एचडी व्हिडिओ तासाला ३ जीबीपर्यंत खातो. तिघांनी रोज दोन-दोन तास बघितलं तर महिन्याला ५४० जीबी, यात तुमच्या मीटिंग धरलेल्याच नाहीत. लिमिट संपल्यावर स्पीड किती उरतो की जास्तीचे पैसे लागतात, ते आधी लेखी घ्या, तोंडी नको. कोणी ट्रायल देत असेल तर ज्या खोलीत बसून काम करता तिथेच संध्याकाळी टेस्ट करा, खिडकीतली रेंज आणि आतल्या खोलीतली रेंज यात फार फरक पडतो.

सासूसासऱ्यांच्या घराचं सांगते. डिशमधे दोन प्रकार. जुन्या प्रकारचा सॅटेलाइट ३५,७८६ किलोमीटर वर असतो, सिग्नल वर जाऊन खाली यायचा आणि उत्तर परत त्याच वाटेने, त्यातच अर्धा सेकंद जातो, कॉलवर दोघं एकमेकांचं बोलणं तोडत राहतात. स्टारलिंकसारखे नवीन सॅटेलाइट ५५० किलोमीटरच्या आसपास असतात, तिथे ही अडचण जवळजवळ राहत नाही. पण डिशचा सुरुवातीचा खर्च मोठा आणि महिन्याचा रेटही सहसा वायरच्या नेटपेक्षा चढा, त्यामुळे आधी तिथे मोबाइलची रेंज तपासा. घरात एकच दांडी येत असेल तरी गच्चीवर बाहेरचा अँटेना लावून सिमवालं नेट बरं चालू शकतं, दोघांना व्हिडिओ कॉल आणि बातम्यांपुरतं तेवढं पुरेल, आणि तेही नाहीच जमलं तर मग डिश घ्या.