शनिवारवाड्यात पौर्णिमेच्या रात्री खरंच 'काका, मला वाचवा' ऐकू येतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पौर्णिमेच्या रात्री शनिवारवाड्यातून नारायणराव पेशव्याची हाक येते हे खरं का, आणि महाराष्ट्रात भुताखेतांसाठी प्रसिद्ध असलेल्या आणखी कोणत्या जागा आहेत.

पहिल्याचं उत्तर: नाही. वाड्याच्या आसपासच्या पेठांमध्येच मी लहानाचा मोठा झालो. हाक ऐकलेल्या माणसाला ओळखणारे खूप भेटले, स्वतः ऐकलेला एकही भेटला नाही. पण एवढं सांगून थांबावंसं वाटत नाही, कारण ज्या प्रसंगावर ही कथा उभी आहे तो अक्षरशः खरा आहे आणि कथेपेक्षा कितीतरी भयंकर आहे.

थोरले माधवराव पेशवे नोव्हेंबर 1772 मध्ये थेऊरला वारले आणि पेशवाई धाकट्या भावाकडे, नारायणरावाकडे आली. काका रघुनाथराव त्या वेळी वाड्यातच नजरकैदेत होते. 30 ऑगस्ट 1773, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, सोमवार. गणपतीचे दिवस. वेळ दुपारची. पगाराची थकबाकी मागत गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, वाड्यात घुसले, सुमेरसिंग त्यांचा म्होरक्या. नारायणराव पळत पळत आधी पार्वतीबाईंकडे, म्हणजे सदाशिवरावभाऊंच्या पत्नीकडे गेला आणि तिथून काकांच्या महालात. तिथे त्याने काकांना मिठी मारली. तुळाजी पवाराने त्याला ओढून बाजूला केलं आणि सुमेरसिंगाने वार केले. चापाजी टिळेकर नावाचा एक सेवक धन्याला वाचवायला त्याच्या अंगावर आडवा पडला, तोही मारला गेला. नारायणराव तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा होता.

इथे एक गोष्ट नीट बघा. खून दिवसाढवळ्या झाला, माणसांनी गजबजलेल्या वाड्यात. हाक मात्र लोकांनी पौर्णिमेच्या मध्यरात्रीला नेऊन बसवली. पौर्णिमा त्या दिवसापासून दोनच दिवसांवर होती, त्यामुळे ती कथेत शिरली असेल तर नवल नाही. पण दुपार रात्र झाली की एक मोठा फरक पडतो. रात्रीच्या गोष्टीत साक्षीदार उरत नाहीत. खऱ्या घटनेत पहारेकरी होते, कारकून होते, नोकरचाकर होते. मला ही घटना अस्वस्थ करते ती यामुळेच.

आता वाड्याबद्दल. पायाभरणी 1730 साली, वास्तुशांत 1732 साली. फेब्रुवारी 1828 मध्ये मोठी आग लागली आणि आतले लाकडी मजले, महाल, दिवाणखाने सगळं जळून गेलं. म्हणजे ज्या महालात तो खून झाला तो महाल गेली जवळजवळ दोनशे वर्षं अस्तित्वात नाही. आज आत गेलात तर जोती दिसतील, कारंज्यांचे हौद दिसतील, हिरवळ दिसेल. उभा आहे तो तट, बुरूज आणि दरवाजे. दिल्ली दरवाज्याच्या फळ्यांवरचे खिळे जरूर पाहा, हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते मुद्दाम टोकदार केलेत. आणि दक्षिणेकडचा नारायण दरवाजा शोधा. नारायणरावाचा देह तिथून बाहेर नेला म्हणून त्याला हे नाव पडलं असं सांगतात. फोटो काढणारे बहुतेक जण दिल्ली दरवाज्यापाशीच थबकतात, हा दरवाजा पाहायचाच राहून जातो.

या कथेचा मला सर्वांत खरा वाटणारा धागा वेगळाच आहे. नारायणरावाचा समंध, म्हणजे अतृप्त आत्मा, ज्याला छळायचा असं सांगितलं जातं तो कोणी रात्रीचा पहारेकरी नव्हता. तो होता दुसरा बाजीराव, रघुनाथरावांचा मुलगा. खून झाला तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता. तरी गादीवर बसल्यावर त्याला या समंधाची पीडा झाली, म्हणून त्याने दानधर्म केले, पुण्याच्या आसपास आंब्याची असंख्य झाडं लावली, अशी आख्यायिका आहे. शनिवारवाडा हाताशी असताना त्याने शुक्रवार वाडा बांधला, विश्रामबाग वाडा बांधला, हे तर इतिहासातच आहे. त्यामागे भीती होती की हौस हे कोणी सांगू शकणार नाही. पण लोकांनी भूत कोणाच्या मानगुटीवर बसवलं ते पाहा. ज्या घराला त्या खुनाचा फायदा झाला, त्या घराच्या.

कारण न्याय अर्धवट राहिला होता. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी धरलं आणि स्वतः पुणे सोडून गेले. पुढे बारभाईंनी, म्हणजे दरबारातल्या मुत्सद्द्यांच्या गटाने, कारस्थान करून रघुनाथरावांना दूर केलं, मारेकऱ्यांपैकी काहींना शिक्षाही झाल्या. मुख्य आरोपी मात्र 1783 साली कोपरगावला अंथरुणात वारला. अशा वेळी लोकांच्या हाती फक्त गोष्ट उरते.

गोष्टीचं एक पाप मात्र सांगायलाच हवं. नारायणरावाला पकडायच्या हुकमातल्या 'धरावे'चं 'मारावे' रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंनी केलं असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. तो कागद आजवर कोणी दाखवलेला नाही. गारद्यांची थकबाकी, रघुनाथरावांची महत्त्वाकांक्षा, राजधानीतला ढिसाळ बंदोबस्त, या सगळ्यावरचं लक्ष एका बाईच्या लेखणीकडे वळलं आणि ती पिढ्यान्पिढ्या खलनायिका झाली. भुताच्या कथा सांगताना माझा आग्रह एवढ्यासाठीच असतो: दचकायला मजा येते हे मान्य, पण कोणाच्या नावावर काय खपतंय ते तपासा.

दुसरा प्रश्न जागांचा. 'टॉप टेन' यादी मी देणार नाही. त्यातल्या निम्म्या जागा दुसऱ्या यादीवरून उचललेल्या असतात. त्यापेक्षा कोकणात जा. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. वेताळ म्हटल्यावर शहरातल्या माणसाला भूत आठवतं, तिथे तो गावाचा राखणदार आहे. लोक त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याची भलीमोठी पायताणं. श्रद्धा अशी की तो रात्री गावाची गस्त घालतो, म्हणून पायताणं झिजतात. रात्री वाटेवर कोणीतरी चालतंय ही कल्पना एकच, पण शनिवारवाड्यात तिची भीती वाटते आणि आरवलीत तिचा आधार वाटतो. तळकोकणात आणि गोव्यात देवचाराबद्दलही लोक असंच बोलतात. तो सीमेवर असतो आणि वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो.

घाटावर मुंजा पिंपळावर, विहिरीत आसरा, माळावर चकवा. चकव्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण त्यात तथ्य आहे. माणूस सरळ चालतोय असं समजून फिरून त्याच जागी येतो, याला चकवा लागणं म्हणतात. 2009 साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात चालायला लावून हे तपासलं. सूर्य किंवा चंद्र दिसत नसेल तर माणसं खरोखर गोल फिरतात आणि आपण सरळच जातोय याची त्यांना खात्री असते. आपल्याकडचे म्हातारे सांगायचे, चकवा लागला तर धावू नकोस, उजाडेपर्यंत बसून राहा. याहून चांगला सल्ला आजही देता येणार नाही.

तसंच किंकाळीचं. जुन्या तटांच्या भगदाडांत, पडक्या देवळांत, बंद गोदामांत गव्हाणी घुबड राहतं. पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा, आणि उडताना पंखांचा आवाज जवळजवळ शून्य. ते घू घू करत नाही. लांब, खरखरीत, गळा दाबल्यासारखं किंचाळतं, आणि त्याची पिल्लं रात्रभर घोरल्यासारखा आवाज काढत असतात. एका पडक्या गढीत मी ते हातभर अंतरावरून ऐकलंय. काय आहे ते ठाऊक असूनही अंगावर काटा आला होता. ज्याला ठाऊक नाही त्याने ती बाईची किंकाळी समजली तर त्याला खोटारडा म्हणणं अन्यायाचं होईल.

राजस्थानातल्या भानगढ किल्ल्याच्या पाटीचं उदाहरण हमखास निघतं म्हणून तेही. सूर्यास्तानंतर प्रवेश बंद, अशी पुरातत्त्व खात्याची पाटी तिथे आहे आणि 'सरकारनेच भूत मान्य केलंय' असं लोक छातीठोकपणे सांगतात. पण सूर्योदय ते सूर्यास्त हीच अनेक संरक्षित स्मारकांची नेहमीची वेळ असते. रात्री तिथे अंधार असतो, उघड्या विहिरी असतात, साप असतात, ढासळती भिंत असते. यातलं एकेक कारण पाटी लावायला पुरेसं आहे.

तेव्हा रात्री तटावरून उड्या मारून आवाज रेकॉर्ड करायच्या फंदात पडू नका. शनिवारवाडा दिवसाच पाहा, शक्य झालं तर दुपारी, ज्या वेळी ते घडलं त्या वेळी. आणि स्वतःच्या गावी गेलात की एखाद्या जाणत्या माणसाला दोन प्रश्न विचारा: इथे रात्री कोण फिरतं म्हणतात, आणि ते माणूस असताना त्याच्याशी गाव कसं वागलं होतं? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायला लोक वेळ घेतात. तेवढा वेळ द्या, मध्ये बोलू नका, आणि जे सांगतील ते तारीख घालून लिहून ठेवा.