गिटार विकायची? आधी दुखणं कुठे आहे ते बघ

तारा फ्रेटबोर्डपासून (जिथे बोटं दाबतोस ती पट्टी) फार उंच असतील, नटच्या (दांड्याच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाचा उथळ असतील, तर बोटं सोलवटणारच. तो दोष सेटअपचा, म्हणजे जुळणीचा. नव्या तारा घाल, ट्रस रॉड (नेकच्या, म्हणजे दांड्याच्या, आतली सळई) थोडा थोडा फिरवून बघ, ब्रिज (तारा खाली टेकतात तो भाग) खाली घे आणि मग ठरव. बऱ्याच ‘भिकार’ गिटारी इथेच सुधारतात.

पिळलेला नेक मात्र ट्रस रॉडने सरळ होत नाही. रॉड फक्त पुढे-मागे आलेला बाक काढतो. रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल, तर त्या गिटारचा नाद सोडून दे.

बेस गिटारवाल्यांचं खरं दुखणं म्हणजे नेक डाइव्ह. उभा राहून हात सोडलास की हेडस्टॉक (नेकचं वरचं टोक) निघाला जमिनीकडे! गिब्सन कंपनीच्या थंडरबर्ड किंवा एसजी मॉडेलच्या आकाराचे बेस देखणे असतात, ते ठीक, पण डावा हात वाजवायचं सोडून नेक सावरत बसतो. रुंद, खरखरीत पट्टा आणि हलक्या ट्यूनिंग की (तारा पिळायच्या खुंट्या) लावून फरक पडतो, पण थोडाच. आकारच तसा, त्याला कोण काय करणार? ३४ इंची स्केलवर (नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी) बोटं पोचत नसतील, तर सरळ ३० इंची बेस घे.

फ्लॉइड रोज, म्हणजे स्प्रिंगांवर तरंगणारा ब्रिज? त्यावर एका तारेचा सूर उतरवला की बाकीच्या पाचांचा चढतो. सारखं ट्यूनिंग बदलणाऱ्याने तो संसार मांडूच नये.

विकताना दोष सांगून टाक, आणि पिकअप (तारांचा आवाज टिपणारे चुंबकी भाग) बदलले असशील तर मूळचे सोबत दे.