आकाशप्रश्न : सूर्याचा फिल्टर, तापलेली गच्ची आणि ओळंब्याची सावली

प्रश्न : मुलासाठी ७० मिमी व्यासाची, ७०० मिमी नाभीय अंतराची दुर्बीण घेतली. खोक्यात आयपीसवर (डोळा लावायच्या भिंगावर) आटे फिरवून बसवायचा एक गडद हिरवा 'सन' फिल्टर मिळाला. तो लावून सूर्याचे फोटो काढता येतील का? (सुदामानगर, इंदूर)

नाही. तो फिल्टर आजच फोडून केरात टाका. नुसता कपाटात ठेवलात, तर एखाद्या सुट्टीत घरातलं कोणीतरी तो बसवणारच.

कारण त्याच्या जागेत आहे. भरदिवसा आपली बाहुली दोन-तीन मिमी उघडी असते. ७० मिमीचं भिंग तिच्या पाचशे ते बाराशे पट उजेड गोळा करतं, आणि तो सगळा एकवटतो तिथेच ही काच बसलेली असते. काच तापते आणि कधीतरी अचानक तडकते. त्या क्षणी डोळा आयपीसला लागलेला असतो. नेत्रपटलाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे 'दुखलं तर बाजूला होऊ' हा हिशेब इथे चालत नाही. फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच हवा, म्हणजे ऊन आत शिरण्याआधीच अडतं. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी यांतलं काहीही चालत नाही.

पुढचा फिल्टर घरी करता येतो. त्यासाठी सौरनिरीक्षणाची खास फिल्म मिळते, ती ए-४ आकाराची घ्या. घेताना आकडा पाहा : घनता (उजेड अडवायची ताकद) ५ असलेली फिल्म डोळ्यासाठी आणि कॅमेऱ्यासाठी चालते. ३.८ ची फिल्म फक्त कॅमेऱ्यासाठी असते. ती सुमारे १६ पट जास्त उजेड सोडते, तिच्यातून डोळ्याने पाहायचंच नाही. घरात मुलं असतील तर ३.८ आणूच नये, असं आमचं मत.

जाड पुठ्ठ्याची ५ सेंमी रुंद पट्टी नळीच्या तोंडाभोवती दोन-तीन वेढे गुंडाळून चिकटवा. ही झाली टोपीची भिंत. ती नळीवर घट्ट सरकली पाहिजे. मग पुठ्ठ्याच्या दोन सारख्या चकत्या कापा, मधलं भोक ७० मिमीचं. एका चकतीवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून ती टेबलावर सपाट ठेवलेल्या फिल्मवर अलगद दाबा, वरून दुसरी चकती बसवा आणि हे सगळं भिंतीला चिकटवा. इथे बहुतेकांचा हात चुकतो : फिल्म डफासारखी ताणून बसवतात. ताणली की प्रतिमा बिघडते. थोड्या सुरकुत्या राहिल्या तर काही बिघडत नाही.

दर वेळी वापरण्यापूर्वी फिल्टर दिव्यासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढं जरी भोक चमकलं तरी फिल्म बदला. वाऱ्याच्या दिवशी टोपी नळीला टेपने बांधा. शोधक दुर्बीण (नळीवर नेम धरायला बसवलेली छोटी दुर्बीण) काढून ठेवा. ती विसरली जाते आणि भाजते तीच. मग सूर्य सापडायचा कसा? नळीची जमिनीवरची सावली पाहा. ती सर्वांत लहान आणि गोल झाली की नेम लागला.

कॅमेरा थेट जोडलात तर सूर्याची प्रतिमा सेन्सरवर साधारण साडेसहा मिमीची पडेल. आयएसओ १००, १/२५० सेकंद इथून सुरुवात करा, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन पायऱ्यांचे (वेळ दुप्पट किंवा निम्मी म्हणजे एक पायरी) फोटो घ्या. मोबाइल असेल तर २५ मिमीचा आयपीस लावा, पूर्ण बिंब मावतं. सूर्य या फिल्ममधून पांढरा दिसतो. मासिकांत छापलेला केशरी रंग मागाहून चढवलेला असतो.

प्रश्न : फोटोत काळा ठिपका आला. सौरडाग की धूळ, कसं ओळखायचं? (महू)

दुर्बीण किंचित हलवा. बिंबाबरोबर सरकला तर डाग. चौकटीत जागच्या जागी राहिला तर सेन्सरवरची धूळ. खात्री हवी असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो काढा. सूर्य आपल्याला साधारण २७ दिवसांत एक फेरा पूर्ण करताना दिसतो, तेव्हा खरा डाग एका दिवसात पुढे गेलेला दिसेल.

प्रश्न : सहा इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) आहे. चंद्र छान दिसतो, पण गुरू उकळत्या पाण्यात पडल्यासारखा थरथरतो. आरसा बदलावा का? (राजेंद्रनगर, इंदूर)

आरशाला दोष देण्याआधी पायाखाली हात लावून पाहा. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री उशिरापर्यंत ते परत सोडत बसतो. माळव्याच्या रात्री थंड म्हणून ख्यातच आहेत, आणि तीच इथे अडचण : वर गार हवा, खाली गरम फरशी, मध्ये तुमची दुर्बीण. वर आलेली गरम हवा प्रकाशाला सतत वाकवत राहते. शेजारच्या एसीचा बाहेरचा डबा आणि पत्र्याचं छप्पर यांच्यावरून पाहू नका. अंगणातली गवताची किंवा मातीची जागा गच्चीपेक्षा केव्हाही बरी. गच्चीच वापरायची असेल तर मध्यरात्रीनंतरची वेळ धरा.

दुसरं कारण नळीच्या आत असतं. खोलीतून काढलेला सहा इंची आरसा बाहेरच्या हवेइतका गार व्हायला पाऊण तास लागतो, थंडीत अधिकच. तोवर त्याच्यावरून गरम हवेचा थर हलत राहतो. दोष कुठला हे ओळखायची युक्ती सोपी आहे. एका ठळक ताऱ्यावर दुर्बीण रोखा आणि फोकस बराच बिघडवा, म्हणजे तारा तबकडीएवढा होईल. तिच्यात एकाच बाजूने संथ धुरासारखं काही वर चढताना दिसलं तर आरसा अजून गरम आहे. सबंध तबकडीवर वेगाने लाटा धावत असतील तर दोष बाहेरच्या हवेचा. पहिल्यावर उपाय म्हणजे आरशामागे संगणकातला १२ व्होल्टचा ८० मिमी पंखा, रबराच्या तुकड्यांवर बसवलेला. दुसऱ्यावर थांबणं, एवढाच.

फोटोसाठी एकच चित्र काढू नका, व्हिडिओ घ्या. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, म्हणून एक व्हिडिओ दोन मिनिटांपेक्षा लांबवू नका, नाहीतर पट्ट्यांतले बारकावे पुसले जातात. ऑटोस्टॅकर्टसारख्या संगणक-प्रणालीत त्यातल्या उत्तम दहा-वीस टक्के चौकटी निवडून एकावर एक रचायच्या. उकळी फुटलेल्या हवेतसुद्धा क्षणभर स्थिर झालेल्या चौकटी असतातच, त्या वेचायच्या.

प्रश्न : विषुववृत्तीय माउंट (ताऱ्यांच्या मागोमाग दुर्बीण फिरवणारी बैठक) घेतला. उत्तरेला शेजाऱ्यांची पाण्याची टाकी असल्याने ध्रुवतारा दिसत नाही. उत्तर कशी साधायची? (लोकमान्यनगर, इंदूर)

आधी माउंटचा पाया लेव्हलने समतल करा आणि अक्षांशाच्या पट्टीवर २२.७ अंश लावा. ध्रुवताऱ्याची उंची म्हणजे आपला अक्षांश, जवळजवळ तेवढाच. उरली दिशा, ती सूर्याकडून घ्या.

कपडे वाळत घालायच्या दोरीला गवंड्याचा ओळंबा टांगा. इंदूरचं खरं मध्यान्ह बाराला नसतं. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, आपण ७५.९ वर, म्हणून सरासरीने ते १२ वाजून २७ मिनिटांनी येतं. शिवाय ते वर्षभर सरकतं : नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१०, फेब्रुवारीच्या मध्याला १२.४१. त्या दिवसाचं मध्यान्ह पंचांगातून काढा : सूर्योदय आणि सूर्यास्त यांचा बरोबर मध्य. पंचांग इंदूरचंच हवं. पुण्याचं किंवा मुंबईचं घेऊन चालणार नाही. त्या मिनिटाला दोरीच्या सावलीवर खडूने रेघ ओढा. ती दक्षिणोत्तर.

हे काम हिवाळ्यात करून ठेवा. डिसेंबरात घड्याळ एक मिनिट चुकलं तर दिशा अंशाच्या तिसऱ्या भागाएवढी चुकते, एप्रिलअखेर तेच मिनिट दीड अंशाहून जास्त फसवतं. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तर प्रयत्नच करू नका. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला आहे, त्यामुळे त्या दिवसांत सूर्य डोक्यावर असतो किंवा चक्क उत्तरेकडून जातो, आणि ओळंब्याची सावली दोरीच्या पायाशीच विरते.

दिशा अंशभर चुकली तरी ५० मिमी लेन्सने मिनिटभराचे फोटो निभावतात. खडूची रेघ पहिल्या पावसात जाईल, तिच्या दोन टोकांना ऑइल पेंटचे ठिपके देऊन ठेवा.