बायको शेतात राबते, पण कागदावर तिला शेतकरी कसं करायचं?

सोपंय, सातबाऱ्यावर तिचं नाव लावा. आमच्या निफाडकडं बघा, कांद्याचं रोप टाकण्यापासून लागवड, खुरपणी, काढणी, द्राक्षाची विरळणी, डिपिंग (म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), सगळीकडं बायाच, पण कर्ज, नुकसानभरपाई, पीएम किसानचे पैसे यायचे म्हटलं की जमीन कुणाच्या नावावर हे बघतात आणि तिथं बाई नसतेच! बँकेत तिला जामीनदार म्हणून सही करायला मात्र नेतात.

१९९२ पासून लक्ष्मीमुक्ती योजना आहे. नवऱ्याने स्वतः अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. तलाठ्याकडे विचारा, नाही म्हणाला तर तहसीलदारांकडं अर्ज द्या. ही कल्पना शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची, आणि १९८६ ला त्यांचं महिला अधिवेशन आपल्याच चांदवडला झालं होतं, लाखोनी बाया आल्या होत्या म्हणतात.

माझ्या वडिलांनी आईचं नाव लावलं तेव्हा भाऊबंद हसले, "आता काय, बाई वाटणी मागंल." मागितली नाही, पण कांदा कधी विकायचा हे आता तीच ठरवते, आणि खरं सांगू, वडलांपेक्षा तिचा अंदाज बरा निघतो.