नेदरलँड्समध्ये एक्सचेंज स्टुडंट म्हणून राहताना सगळ्यात जड काय जातं, थंडी, जेवण की भाषा? आणि कुकर न्यावा का?

ऑगस्ट 2022 ते जानेवारी 2023 असा एक सेमिस्टर मी उट्रेख्तला होतो, पुण्यातल्या कॉलेजातून गेलेलो, तर माझ्यापुरतं सांगतो. तुम्ही विचारलेल्या तिन्हीपैकी काहीच नाही. मला जड गेलं ते तिथे कोणी आग्रह करत नाही हे.

म्हणजे बघा, आपल्याकडे पहिलं "नको" हे नको नसतंच ना, ते नुसतं सुरुवात करायला असतं. पहिल्याच आठवड्यात फ्लॅटमधल्या मुलीने विचारलं कॉफी घेणार का, मी सवयीने म्हटलं नको नको कशाला उगाच, ती ओके म्हणाली आणि स्वतःपुरती कॉफी करून माझ्यासमोर बसून प्यायली. मी आपला वाट बघतोय परत कधी विचारते. नाहीच विचारलं. तेव्हा मला ती जाम कोरडी वाटली होती, पण तिच्या बाजूने मी नाही म्हटलं, विषय संपला, परत विचारणं म्हणजे समोरच्याला स्वतःचं कळत नाही असं म्हटल्यासारखं. हे डोक्यात शिरायला मला दोन महिने लागले, तोवर बऱ्याच कॉफ्या हुकल्या.

दुसरा किस्सा याहून वाईट. प्रोजेक्टचं काम करायला ग्रुपमधल्या एकाच्या घरी आमर्सफोर्टला गेलो होतो, ट्रेनने जवळच आहे. पावणेसहा वाजले तशी त्याच्या आईने अगदी हसून विचारलं, तुझी ट्रेन कितीची आहे? मला वाटलं काळजीने विचारतायत. मग लक्षात आलं की सहाला त्यांचं जेवण असतं आणि बटाटे घरातल्या माणसांच्या हिशोबाने टाकलेले असतात. माझी आई असती तर तिने वरणात पाणी वाढवलं असतं पण पोराला उपाशी पाठवलं नसतं. त्या दिवशी स्टेशनवर मशीनमधलं बिनमांसाचं क्रोकेत, म्हणजे तळलेला रोल, खाल्लं (काचेच्या छोट्या कप्प्यातून गरमागरम काढून घ्यायचं असतं, बरं लागतं) आणि घरी फोन करून या लोकांबद्दल नाही नाही ते बोललो. आईला अजूनही ते घर आठवतं, दर वेळी विचारते, ते बटाटेवाले कसे आहेत.

पण त्याच घरी मला नंतर रीतसर जेवायला बोलावलं, तीन आठवडे आधी, डायरीत लिहून. आणि मी मांस खात नाही हे लक्षात ठेवून माझ्यासाठी वेगळा स्टाम्पोट केला होता, म्हणजे बटाटा आणि केल नावाची पालेभाजी एकत्र ठेचून वर ग्रेव्ही घालतात तो. तर माया नाही असं नाही, फक्त ती अपॉइंटमेंट घेऊन येते.

अपॉइंटमेंटवरून आठवलं. तिकडच्या कोणी "हाफ थ्री" म्हटलं की अडीच समजायचं, साडेतीन नाही!! मी एकदा साडेतीनला पोचलो तर मीटिंग आटपून सगळे गेलेले. डचमध्ये "हाल्फ द्री" म्हणजे तिसरा तास अर्धा झालाय. मग मला सुचलं की अरे आपला "अडीच" शब्द पण संस्कृतातल्या अर्धतृतीय वरूनच आलाय, म्हणजे तिसरा अर्धा, हिशोब अगदी तोच. आणि पंचवीसला ते "फाइफ-एन-ट्विंटख" म्हणतात, पाच आणि वीस, आपल्यासारखंच आधी एकक मग दशक. इंग्रजीतून विचार करत बसलो म्हणून फसलो, मराठीतून केला असता तर वेळेवर पोचलो असतो. भाषेचं म्हणाल तर एवढंच, बाकी इंग्रजीवर सगळं चालतं, तुम्ही डच बोलायला गेलात तरी तेच इंग्रजीवर येतात.

सायकल पहिल्याच आठवड्यात घ्या, जुनी घ्या, आणि कुलूप सायकलपेक्षा चांगलं घ्या. बऱ्याच सायकलींना हाताचे ब्रेक नसतात, पेडल उलटं दाबलं की थांबते, पहिले दोन दिवस मी सिग्नलला चक्क पाय घासत थांबायचो. रात्री लाईट नसेल तर दंड आहे, चालवताना हातात फोन असेल तरी दंड आहे. उट्रेख्त स्टेशनखाली जगातला सगळ्यात मोठा सायकल पार्किंग तळ आहे, साडेबारा हजार जागा, तीन मजले, पहिले 24 तास फुकट. ऐकायला भारी वाटतं पण आपली सायकल कुठल्या मजल्यावर लावली ते विसरलात तर बसा शोधत. मी पाऊण तास शोधली होती आणि सगळ्याच काळ्या. आता कुठेही सायकल लावली की आधी रांगेच्या नंबरचा फोटो काढतो, पुण्यात मॉलमध्ये गाडी लावली तरी.

पैशाचं. टिक्की नावाचं ॲप आहे, खर्चाचा वाटा मागायची लिंक पाठवतात. मला एकदा टिक्की आली पंच्याऐंशी सेंटची, पास्त्यात टाकलेल्या चीजचा माझा वाटा. मला इतका अपमान वाटला की काय सांगू, मी त्या मुलाला दोन वेळा पोहे खायला घातले होते! पण त्याला विचारलं (विचारायलाच लागतं, तोंड पाडून बसलात तर कोणाला कळत नाही) तर तो म्हणाला अरे मग तू पण पोह्यांची पाठव ना, मी विचारच करत होतो की हा पाठवत का नाही. घ्या. ते कंजूष आहेत असं लोक सांगतात, मला तसं वाटत नाही, त्यांना कोणाचं देणं अंगावर नको असतं, एवढंच.

कॉलेजात मार्क दहापैकी, साडेपाचला पास आणि आठ म्हणजे उत्तम. दहा बघितलेला माणूस मला भेटला नाही. प्रेझेंटेशन झाल्यावर ग्रुपमधल्या मुलीने सगळ्यांसमोर सांगितलं की तुझा भाग कंटाळवाणा होता आणि अर्ध्या तासाने हीच बाई मला बिअर प्यायला चल म्हणते. मी दोन दिवस फुगून बसलो, तिला पत्ताच नाही.

5 डिसेंबरच्या संध्याकाळी सिंटरक्लासचा सण असतो. चिठ्ठ्या टाकून कोणी कोणाला भेट द्यायची ते ठरवतात आणि भेटीसोबत त्या माणसाची खेचणारी कविता लिहायची असते, निनावी. आमच्या फ्लॅटने माझ्यासाठी खास इंग्रजीत लिहिली होती. सारांश असा की हा पाहुणा बिस्किटाला तीन वेळा नको म्हणतो आणि रात्री किचनमध्ये जाऊन अख्खा पुडा संपवतो. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, महिनोन्‌महिने, आणि कोणी बोललं नाही!! सोबत माझ्या नावाच्या पहिल्या अक्षराचं मोठं चॉकलेट, ते मात्र मी लगेच घेतलं.

थंडीचं काही विशेष नाही, वारा आणि अंधार जास्त त्रास देतात, डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो आणि सकाळी साडेआठनंतर उगवतो. त्या वर्षी गॅस महागलेला म्हणून हीटर 19 वर ठेवायचा असं फ्लॅटमध्ये मतदान करून ठरलं, मी विरोधात होतो, हरलो. दोन थर्मल आणि एक चांगला रेनकोट न्या, छत्री तिथल्या वाऱ्यात टिकत नाही.

जेवणाचं टेन्शन घेऊ नका. दुपारी ते लोक थंड ब्रेड-चीजच खातात, ब्रेडवर लोणी लावून चॉकलेटचे दाणे भुरभुरवून मोठी माणसं खातात, त्याची सवय होते. पण उट्रेख्तच्या लोम्बोक भागात कानालस्त्रात नावाच्या रस्त्यावर कोथिंबीर, भेंडी, मिरच्या सगळं मिळतं. आणि सुरिनामी हॉटेलं शोधा. सुरिनाम म्हणजे दक्षिण अमेरिकेतली जुनी डच वसाहत. 1873 पासून बिहार-यूपीकडचे मजूर डच लोकांनी करारावर सुरिनामला नेले, 1975 ला सुरिनाम स्वतंत्र झालं त्या काळात त्यांच्यातले खूप जण नेदरलँड्सला आले. त्यांची रोटी म्हणजे मोठी मऊ रोटी, मसाल्याचा बटाटा आणि चवळीच्या शेंगा. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा काउंटरवरच्या आजी भोजपुरीसारखं काहीतरी बोलल्या, मला निम्मं कळलं. ताट संपल्यावर म्हणाल्या अजून घे. मी म्हटलं नको. त्यांनी वाढलं.

कुकर न्या, तीन लिटरचा पुरतो, हिंग पण न्या. फक्त पहिल्या शिट्टीच्या आधी फ्लॅटमध्ये सगळ्यांना सांगून ठेवा. आमच्याकडे एक जण टॉवेलवर बाहेर पळाला होता.