विषय बदलू नकोस, प्रश्न नेमका कर

प्रश्न : मी ठाण्यात टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय मराठी. ‘मराठी कवितेतील मुंबई’ यावर 3000 शब्दांचा शोधनिबंध महिनाभरात द्यायचा आहे. नेटवर नुसते ब्लॉग सापडतात, संदर्भ मिळत नाहीत. विषय बदलू का? चौथ्या वर्षी संशोधनच घ्यायचं आहे.

उत्तर : विषय बदलायची गरज नाही. ‘मराठी कवितेतील मुंबई’ हे एक मोठं क्षेत्र झालं, त्यात प्रश्न अजून नाही. म्हणूनच शोधताना काय टाकावं ते तुला सुचत नाही.

पहिला आठवडा फक्त कवितांना दे. एकच कवी धर. कामगारकवी नारायण सुर्वे घेतलेस तर ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (1962), ‘माझे विद्यापीठ’ (1966) आणि ‘जाहीरनामा’ (1975) हे संग्रह पुरेत. या आठवड्यात समीक्षा उघडू नकोस. दुसऱ्याचं मत आधी वाचलं की तेच आपलं वाटायला लागतं. मुंबई कुठे कुठे आली याची यादीही नको, ती कवितेत बोलणाऱ्या माणसांतूनच दिसेल. प्रत्येक कवितेपुढे दोनच गोष्टी लिही : बोलतंय कोण आणि कोणाशी. ‘तुमचंच नाव लिवा’मध्ये एक आई शाळेच्या मास्तरांशी बोलते, म्हणजे मुलाच्या बापाचं नाव विचारायचा अधिकार असलेल्या माणसाशी. दुसरीकडे, संपात भेटलेल्या मार्क्सबद्दल कामगार जवळच्या माणसासारखा बोलतो. अशा पंधरा-वीस नोंदी झाल्या की प्रश्न आपोआप पुढे येतो : अधिकार असलेल्या माणसाशी बोलताना आणि बरोबरीच्या माणसाशी बोलताना सुर्व्यांच्या कवितेची भाषा बदलते का, आणि कशी?

या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ही येऊ शकतं, म्हणून तो चांगला आहे. ‘सुर्व्यांनी कामगारांचं दुःख मांडलं का?’ याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. त्यातून निबंध होईल, शोधनिबंध होणार नाही. सात कविता निवड. एकीला 300 शब्द धरले तर 2100 झाले. उरलेल्या 900मध्ये प्रस्तावना, आधीच्या समीक्षकांचं म्हणणं आणि निष्कर्ष बसतात.

आता संदर्भ. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर पीएच.डी.चे प्रबंध फुकट वाचता येतात. कवीचं नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही प्रकारे शोध. प्रबंध सापडला की थेट शेवटची संदर्भसूची उघड. तीन-चार प्रबंधांच्या सूचीत पुन्हा पुन्हा येणारे लेख आधी मिळव. जुने मराठी प्रबंध स्कॅन केलेले किंवा युनिकोडपूर्व फॉन्टमधले असतात. त्यांत शब्द शोधला तर काहीच सापडत नाही, म्हणून ‘यात काही नाही’ असं मुलं समजतात. अनुक्रमणिका बघून पानं चाळावीच लागतात.

ती यादी घेऊन मराठी ग्रंथ संग्रहालयात जा. 1893 साली सुरू झालेली ही संस्था तुझ्या ठाण्यातच आहे. नुसतं ‘सुर्व्यांवर काही आहे का’ असं विचारू नकोस. लेखकाचं नाव, मासिकाचं नाव, महिना आणि वर्ष कागदावर लिहून दे. मासिकांचे जुने अंक, विशेषांक असतील तर ते आवर्जून माग, कारण चांगली समीक्षा बऱ्याचदा अंकातच राहते, पुस्तकात येतच नाही. तिथे नाही मिळालं तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, नाहीतर कलिन्याचं विद्यापीठाचं ग्रंथालय. बाहेर जाताना कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र जवळ ठेव.

पानाचा फोटो काढशील तेव्हा मुखपृष्ठाच्या आतलं, आवृत्ती आणि वर्ष असलेलं पानही काढ. पुनर्मुद्रणात पृष्ठक्रमांक बदलतात. पहिल्या आवृत्तीचं वर्ष आणि तिसऱ्या आवृत्तीचं पान अशी सरमिसळ झाली की परीक्षक तिथेच बोट ठेवतात.

तुझ्या नेमक्या प्रश्नावर लेख सापडला नाही तर घाबरू नकोस, तीच तुझी जागा आहे. सुर्व्यांच्या भाषेवर एक, कामगार कवितेवर एक आणि तुझ्या मताशी न जुळणारा एक, असे तीन लेख नीट वाचलेस तरी भागतं.

चौथ्या वर्षाच्या संशोधनासाठी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुणांची अट आहे. तुझ्या कॉलेजात ती सोय आहे का, हे आत्ताच विभागप्रमुखांना विचार. जाताना प्रश्न आणि सात कवितांची नावं एका कागदावर लिहून ने, म्हणजे त्याच भेटीत निबंधाबद्दलही बोलणं होईल.